हातचं कॉलेज

जून १९९८, दहावीच्या निकालानंतरचा रविवार, सकाळची वेळ. हजर: रात्रपाळी करून आलेले अण्णा, आई, मी, माझी धाकटी बहीण कुंदा आणि वसईजवळच्या गिरीज गावाहून आलेल्या तिच्या वर्गशिक्षिका रोझी बाई. पाणी गैरहजर. टँकर आदल्या दिवशीही आला नव्हता, त्यामुळे बाईंना दिलेला चहा शेजारच्या शहाभाभींकडून आणलेल्या पाण्याचा होता.

विषय एकच होता. कुंदाने कुठल्या कुठल्या कॉलेजांत अर्ज भरायचे.

मला याद्या करायची सवय पहिल्यापासून आहे. लग्नाच्या याद्या, दवाखान्यात न्यायच्या पिशवीची यादी, कुणाकडे कुणाची भांडी राहिली आहेत त्याची यादी. नालासोपाऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये निकाल लागला की मार्कशीट घेऊन मुलं आणि त्यांचे आईबाप माझ्याकडे यायचे. मी तेव्हा अंधेरीला एका कंपनीत टायपिंग आणि फायलिंग करत होते. येता-जाता कॉलेजांच्या फलकांवरचे आकडे उतरवून आणणं मला जमत असे. कुंदा चिडवायची, "ताईच्या यादीत मी कितव्या नंबरवर आहे ते तरी कळू दे." आता पन्नाशी ओलांडली तरी सवय गेलेली नाही. जून आला की अजून कुणी ना कुणी विचारतंच. आणि दर जूनला, कुणाचीही यादी करायला बसले तरी, मला आधी ती सकाळ आठवते.

हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, तेव्हा एकच अर्ज भरून चालत नसे. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. तो आणायला रांग, भरून द्यायला रांग, त्याला जोडायची मार्कशीटची झेरॉक्स आणि त्या प्रत्येक झेरॉक्सवर मुख्याध्यापकांची सही. मग गेटजवळच्या फलकावर पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी. नाव लागलं की दोन दिवसांत पैसे आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यायचा. मूळ दाखला एकच. तो एका कॉलेजात दिला की बाकीची दारं मिटली. झेरॉक्सच्या दुकानातला तो गरम कागदाचा वास, डिंकाने चिकटवलेल्या फोटोंच्या वर आलेल्या कडा, पायजम्यातले वडील आणि दप्तर नसलेली मुलं. माझ्यासाठी जूनचा वास हा आहे.

रोझी बाई नीट बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या की यादी वजनाने करायची असते. वर दोन नावं अशी, जिथे नशीब लागेल. मध्ये दोन-तीन आपल्या गुणांच्या बरोबरीची. खाली एक-दोन हातची, जिथे नाव लागणारच. कुंदाला शहाऐंशी टक्के होते. आम्ही वर पार्ला आणि माटुंगा लिहिलं, मध्ये अंधेरी आणि बोरिवलीची दोन, खाली भाईंदर आणि वसई. मला वाटलं, झालं काम. बाई मात्र शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या.

"हे बघ बाय," त्या मला म्हणाल्या, "यादीत एकही नाव असं नको, की तिथे जायची वेळ आली तर पोरगी रडेल. वरची नावं कोणीही लिहितं. शेवटचं नाव सगळ्यात जास्त विचार करून लिहायचं. बहुतेक पोरं तिथंच जातात."

वसईच्या कॉलेजात विज्ञान होतं, पण त्याचे वर्ग आणि प्रात्यक्षिकं दुपारी. सकाळी भरत ते कॉमर्सचे वर्ग. कुंदाला रसायनशास्त्र हवं होतं. लहानपणी मिठागरांवरून जाताना ती विचारायची, मिठाचे खडे चौकोनीच का होतात, गोल का नाही. आमच्या घरात कुणाला याचं उत्तर येत नव्हतं. रोझी बाईंना येत होतं, आणि तेवढ्यावरून ती त्यांची झाली होती.

अण्णा तोपर्यंत डोळे मिटून भिंतीला टेकले होते. आम्हाला वाटलं झोपलेत. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "सगळं बरोबर आहे. मग पाणी कोण भरणार?"

रोझी बाईंनी शेवटच्या ओळीवरचं बोट काढून घेतलं.

हा प्रश्न समजायला आमची बिल्डिंग समजायला हवी. चिपळूणच्या बाजूची माणसं आम्ही. लालबागच्या खोलीतून नालासोपाऱ्याला आलो ते तीन खोल्या मिळतात म्हणून. खोल्या मिळाल्या, नळ मिळाले, नळांना पाणी नव्हतं. टँकर दुपारी यायचा, साधारण दोन ते चारच्या मध्ये कधीही. खाली ड्रम मांडलेले असायचे, प्रत्येकावर रंगाने घराचा नंबर. सोसायटीचा नियम असा की ज्या ड्रमापाशी त्या घरचं माणूस उभं आहे, त्याच ड्रममध्ये पाइप जाणार. नियम भांडणांतून आला होता. आधी लोक चार चार ड्रम मांडून निघून जायचे. मग खालच्या ड्रममधून कळशीने तिसऱ्या मजल्यावर. अण्णांच्या पाळ्या फिरत्या. आई वालीवला पेनांच्या कारखान्यात पॅकिंगला, संध्याकाळी सहापर्यंत, आणि मार्चमध्ये तिचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी अंधेरीला. कुंदाची शाळा सकाळची. त्यामुळे गेली तीन वर्षं आमच्या ड्रमापाशी कुंदा उभी असायची. एका हातात पुस्तक, एक पाय ड्रमावर. बायका थट्टा करायच्या, "शिक गं शिक. डॉक्टरीण झालीस तरी तुझा नंबर राखून ठेवू." टँकर मागे घेताना त्याचा जो आवाज व्हायचा, तो ऐकला की ती पानात बोट घालून पुस्तक मिटायची. अजूनही ती पुस्तक तसंच मिटते.

प्रश्न आला की मी उत्तर शोधायला लागते, हळहळ नंतर. त्या आठवड्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. एका घराला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. टँकर सकाळी येईल का, हे ड्रायव्हरला विचारलं. तो हसला, "मॅडम, पानी मिलता है ये देखो, टाइम मत देखो." शहाभाभी आमच्या ड्रमापाशी उभ्या राहायला तयार झाल्या. चार दिवसांनी सासूला लकवा झाला आणि त्या राजकोटला गेल्या. ऑफिसात मी वेळ बदलून मागितली. साहेबांनी सांगितलं की लवकर जायचं असेल तर कायमचं जाता येईल. प्रत्येक उपायापुढे मी फुली मारत होते.

तरीही आम्ही अर्ज सगळीकडचे भरले. अण्णांनीच सांगितलं, भर, नाव तरी लागू दे. तो माणूस वाईट नव्हता. रात्रपाळी करून आला तरी दोन कळश्या वर आणल्याशिवाय अंग टाकत नसे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाही हवं होतं, आणि घरात उत्तर देऊ शकेल असं माणूस एकच होतं. म्हणून कुणी कुंदाकडे बघत नव्हतं.

झेरॉक्सवर सह्या घ्यायला मी आणि कुंदा गिरीजला गेलो होतो. मुख्याध्यापक रोझी बाईंच्या शेजारी राहायचे. पाऊस लांबलेला, रस्त्यावर धुळीचा थर, आणि वाडीत शिरल्याबरोबर गारवा. केळींमधून पाटाचं पाणी चाललं होतं. कुंदाने चपला काढल्या आणि सरळ पाटात पाय घालून उभी राहिली. कितीतरी वेळ. पाणी असं कुणी न भरता, न उचलता, आपण होऊन वाहतंय, हे तिने शेवटचं कधी पाहिलं होतं कोण जाणे. बाईंचा भाऊ पास्कल तिथेच केळीची सुकलेली पानं काढत होता. त्याने विहीर दाखवली. ओंजळभर पाणी मला प्यायला दिलं. मचूळ होतं.

"टँकरवाले रात्रंदिवस उपसतात, वर मोटर लावून," तो म्हणाला. "आमचं पानी खारं झालं. नारळ धरत नाही. तुमच्या बिल्डिंगांना पानी पायजे, मान्य. पन आमी काय करायचं?"

त्याचा रोख आमच्यावर नव्हता, तरी मी खाली बघितलं. परत येताना कुंदा एवढंच म्हणाली की त्याचंही बरोबर आहे.

पार्ल्याच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं. मी अर्धा दिवस रजा टाकून तिच्याबरोबर गेले होते. फलकाच्या काचेवर लोकांची बोटं उमटून उमटून काच धुरकट झालेली. कुंदाने खालून वाचायला सुरुवात केली, म्हणून लवकर सापडलं. तिने नावाखाली बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं, मागचे लोक सरका सरका म्हणेपर्यंत. मग आम्ही बाजूच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. आतल्या एका खिडकीतून प्रयोगशाळेचं टेबल दिसत होतं, त्यावर उलटी घातलेली काचेची भांडी, आणि एक नळ. शिपाई नळाखाली काहीतरी विसळत होता, नळ पूर्ण सोडून. कुंदा बघत राहिली. मी तिला विचारलं, काय बघतेस. ती म्हणाली, काही नाही, नळ.

पैसे आणि दाखला परवा दुपारपर्यंत द्यायचे होते.

त्याच संध्याकाळी कळलं की वाड्यांच्या गावांतल्या लोकांनी रस्त्यावर बसून टँकर अडवले आहेत. एकही विहीर उपसू देणार नाही म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. ते मी पिऊन आले होते. पण आमच्या बिल्डिंगखाली रिकाम्या ड्रमांच्या रांगेपाशी उभं राहून ते बरोबर म्हणणं कठीण होतं. टँकर येणार की नाही, आला तर दुपारी की पहाटे, कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याच्या घरी माणूस नसेल त्याने पाणी विसरावं, असं सेक्रेटरींनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी रोझी बाई पार्ल्याच्या यादीची बातमी ऐकून पेढे घेऊन आल्या. जिन्यातच एका बाईने त्यांना गाठलं. "तुमच्या माणसांनी आमचं पाणी तोडलं आणि तुम्ही इथे पेढे वाटायला आलात होय?" ती बाई वाईट नव्हती, तिच्या घरी तान्हं मूल होतं. रोझी बाई तशाच वर आल्या. पेढ्यांचा पुडा त्यांनी बराच वेळ हातातच ठेवला. आई म्हणाली, बसा. त्या बसल्या नाहीत.

"पास्कल तिथे रस्त्यावर बसलाय," त्या कुंदाला म्हणाल्या. "मी त्याला उठ म्हणू शकत नाही. आणि तुला जा म्हणायला आले तर कुठल्या तोंडाने म्हणू?"

कुंदाने त्यांच्या हातातून पुडा घेतला, उघडला, पहिला पेढा त्यांना दिला. पंधरा वर्षांची मुलगी. मग म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं होतं ना, शेवटचं नाव रडू येणार नाही असं लिहा. मी वसई लिहिलं तेव्हाच रडून घेतलंय."

सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा अण्णा आणि ती तयार होत होते. कुठे जाणार ते मी विचारलं नाही, कारण अण्णांच्या खिशात लोकलचा पास नव्हता, रिक्षाचे सुटे होते. संध्याकाळी परत आले तेव्हा कुंदा खाली ड्रमापाशी उभी होती. "झालं," ती म्हणाली. "कॉमर्स. सातला वर्ग, अकराला घरी." पार्ल्याची मुदत दुपारीच संपली होती.

मी नंतर बिल्डिंगमधल्या पुष्कळ मुलांच्या याद्या केल्या. काहींचे गुण कुंदापेक्षा वीस-वीस टक्क्यांनी कमी होते. मुलग्यांच्या यादीला वेळेचा रकाना कधी लागला नाही. ते माटुंग्याला गेले, दादरला गेले, कुणी नापास होऊन परत आले, पुन्हा गेले. मुलींच्या बाबतीत मात्र आया माझ्या शेजारी बसून हळूच विचारायच्या, हे कॉलेज किती वाजता सुटतं. लोक म्हणतात यादी गुणांवर ठरते. गुणांवर यादीचा वरचा अर्धा भाग ठरतो. खालचा अर्धा भाग घरात दुपारी कोण आहे त्यावर ठरतो, आणि तो कुणी लिहून ठेवत नाही.

पुढे काही वर्षांनी धरणाचं पाणी नळांना आलं. कुंदा तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. लोकांनी नळाला हार घातला, नारळ फोडला. कुंदा त्या दिवशी घरी नव्हती, वालीवला एका कारखान्यात हिशेब लिहायला लागली होती. रोझी बाई दर नाताळात घरी यायच्या, कुंदासाठी रसायनशास्त्राचं काही जुनं पुस्तक असलं तर आणायच्या. कुंदा घ्यायची. वाचायची की नाही, मला माहीत नाही. पास्कलच्या वाडीच्या जागी आता बिल्डिंग आहे. अण्णा जाईपर्यंत एक ड्रम भरून ठेवायचे, झाकणावर वीट. का ठेवता विचारलं तर म्हणायचे, असू दे. आणि कुंदाबद्दल एक शब्द नाही. ती घरी आली की तिला पाण्याचा पेला मात्र ते स्वतः उठून आणून द्यायचे, तिने हात पुढे करायच्या आत.

या जूनमध्ये कुंदाच्या मुलीचा, सईचा, दहावीचा निकाल लागला. त्र्याण्णव टक्के. आता फॉर्म मोबाइलवर. दहा पसंती, रांग नाही, झेरॉक्स नाही, काचेवर बोटं नाहीत. मी विरारला त्यांच्या घरी गेले तेव्हा सईने यादी भरूनच ठेवली होती. मी वाचली. विरार, नालासोपारा, वसई, पुन्हा वसई. भाईंदरच्या पलीकडे एकही नाव नाही. मी विचारलं, पार्ला का नाही? ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "मावशी, हल्ली कॉलेज कुठलंही चालतं. क्लास चांगला हवा."

कुंदाला दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचा आजार निघाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस: मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी. यंत्रावरून उठली की तिचा रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, रिक्षात धरून बसवावं लागतं. तिचा नवरा वापीला कामाला, पहाटे जातो, रात्री येतो. सुट्टीभर तिला नेणं-आणणं सई करत होती.

कुंदा आतल्या खाटेवर पडून होती. हाताला बँडेज. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"तिला विचार," ती आतून म्हणाली, "क्लासच चांगला हवा, हे तिला कधीपासून वाटायला लागलं."

सई म्हणाली, "आई, तू गप्प बस."

"मी गप्पच बसले होते," कुंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ताई, इकडे ये. हिची यादी तू कर. वरून कर, जशी बाई करायच्या. माझे वार बघून एकही नाव घालायचं नाही."

"मग तुला कोण नेणार?" सईने विचारलं. तिचा आवाज अगदी अण्णांसारखा, थकलेला आणि खरा. कुंदा तिच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे बघितलं की उत्तर मिळतं अशी आमच्या घरात समजूत आहे.

मी सईच्या शेजारी बसून यादी नव्याने केली. वर पार्ला आणि माटुंगा, मध्ये अंधेरी आणि बोरिवलीची दोन, खाली वसईचं विज्ञान, दुपारचं. त्या नावाशी थांबून मी सईला विचारलं, इथे जावं लागलं तर रडशील का? ती म्हणाली, नाही. मी अजून दोनदा विचारलं. मग ती रडली, पण त्या नावासाठी नाही.

फॉर्म सेव्ह करून ठेवला आहे, लॉक, म्हणजे कायम, केलेला नाही. सईची अट आहे: तिन्ही वारांना माणूस मिळालं तर लॉक करेन, नाहीतर जुनी यादी. मंगळवार मी घेतला. ऑफिसात आता मला कुणी जा म्हणणार नाही. शनिवारी कुंदाचा नवरा सुट्टी बदलून घेतोय, तसं त्याला लेखी मिळालं आहे. गुरुवारी कोणी नाही. चुलत वहिनीला विचारलं, तिचा गुडघा. शेजारच्या मुलीला विचारलं, तिची नोकरी लागली. आजाऱ्यांना सांभाळायला एक ब्युरो बाई पाठवतो, पण बाई घरात बसेल, रिक्षाने नेणार-आणणार नाही म्हणाले. दुसऱ्या ब्युरोचा फोन उचलला जात नाही. नातेवाइकांच्या यादीत अजून पाच नावं आहेत, त्यांतली तीन लांब राहणारी आणि दोन अशी, की ज्यांच्याशी आमचं बोलणं नाही.

मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे. त्या दोघांपैकी पहिल्याला आता फोन करायचा आहे.